पिवळी फुलं

मयूरीने पिवळ्या गुलाबांचा गुच्छ सुलाबाईंच्या फुलांच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि कडेवरच्या ओवीच्या तोंडातून हळूच एक पाकळी काढली. फुलांवर औषध मारलेलं असतं. दुसरी पाकळी बाळाने मुठीत धरली होती, ती काही सुटेना.

"मावशी, ही बदलून लाल मिळतील?"

"का गं? सकाळीच तर पोचवलाय गुच्छ. कोमेजली का?"

"नाही. पण पिवळी मैत्रिणीला देतात. लग्नाच्या वाढदिवसाला लाल. मी वाचलंय."

"मोबाइलवर व्हय? आमच्यात पिवळं हळदीला, न्हाईतर खंडोबाला." सुलाबाई हसल्या.

मयूरी हसली नाही. पिवळा म्हणजे आटलेलं प्रेम, असंही तिथे लिहिलं होतं. ते तिने सांगितलं नाही.

तिचा नवरा विश्वजित कोईमतूरला होता. विट्यातली कितीतरी माणसं असतात तसाच, सोनं आटवून शुद्ध करायच्या गलाईच्या दुकानात. बारसं करून गेला, त्याला सात महिने झाले. फोनवर बाळाचं वजन विचारायचा, लस दिली का विचारायचा. तेवढंच. "पिवळीच का?" हा तिचा सकाळचा मेसेज त्याने अजून उघडला नव्हता.

तेवढ्यात नव्या गाडीचा हार न्यायला आप्पासो मोटरसायकलवरून आले. "आवं सुलाबाई, मुहूर्त चालला. मधी घालायला पिवळी फुलं हायत का न्हाईत?"

"ही काय, आत्ताच आली." सुलाबाईंनी गुच्छाची दोरी कापली, फुलं देठापासून खुडली आणि भराभर हारात गुंफली. आप्पासो हार खांद्यावर टाकून गेलेसुद्धा.

मग सुलाबाईंनी निवडून निवडून लाल गुलाब बांधले. "चिठ्ठी तीच लावू न्हवं?" चिठ्ठीवर नुसतं 'विश्वजित' होतं.

"लावा."

नाव वाचून सुलाबाई थांबल्या. "आता आठवलं बघ. फोनवर मीच म्हटलं हुतं, लग्नाचा वाढदिवस हाय, लाल पाठवते. तर म्हणतोय कसा, 'लाल नको मावशी. सोन्यात तांबं आसलं की लाली येती. चोख सोनं पिवळंच. मयूरीला पिवळीच द्या.' दोनदा बजावलं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

मयूरीने रस्त्याकडे पाहिलं. आप्पासोंची मोटरसायकल चौकातून वळून दिसेनाशी झाली होती.

हातातला फोन थरथरला. विश्वजितचाच मेसेज.

"सांगतो. आधी फुलं हातात धरून तुझा एक फोटो टाक."

तिने लाल गुच्छ टेबलावर परत ठेवला. ओवीची मूठ एकेक बोट सोडवत उघडली. पाकळी होती. ती तिने उजेडाकडे धरली.

दाबून दाबून तिच्या कडा तांबूस पडल्या होत्या.