फ्रीजरवरची रजई

"हळू बोला," दार उघडताच सासरे म्हणाले. "सून आत झोपलीय. विचारलंच तिनं, तर पंखा दुरुस्त करायला आलोय म्हणून सांगा."

"पंखा?" मेकॅनिकनं हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "फोनवर तर फ्रीजर म्हणालात."

"फ्रीजरच. पण तिला कळायला नको."

फ्रीजर बोळकांडीच्या टोकाला होता. कमरेएवढा, वरून झाकण उघडायचा. निदान तसा असावा. दिसत होती ती एक जाडजूड रजई, चारी बाजूंनी नीट खोचलेली आणि वरून दोरीनं बांधलेली. तापलेल्या पोराला गुंडाळावं तशी.

"आजोबा, हे काय हो?"

सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मग लक्षात आलं, आजोबा म्हणजे आपणच. नात होऊन अकराच दिवस झाले होते. सवय व्हायची होती.

"परवा हात लावला तर याच्या बाजू गरम. म्हटलं, बाहेरची उष्णता आत शिरतेय. म्हणून पांघरूण घातलं. आज सकाळपासून घरघर बंद. मधेच टक् करतो आणि गप्प बसतो. पण झाकण उघडलं नाही हं मी. एकदाही नाही."

"आहे काय आत एवढं?"

"दूध." सासऱ्यांचा आवाज आणखी उतरला. "सुनेचं. नात सात आठवडे आधी आली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय, नळीतून थेंब थेंब घेते. मुलगा रोज संध्याकाळी इथून बाटल्या नेतो. आणि परवापासून हिला ताप. दूध आटल्यातच जमा. आत आहे तेवढंच काय ते."

मेकॅनिकनं भिंतीतला प्लग काढला, दोरी सोडली, रजई ओढून सासऱ्यांच्या हातात दिली. फ्रीजरच्या अंगाला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला.

"कसं आहे, आजोबा, ही पेटी काही गारवा तयार करत नाही. आत ठेवलंय त्यातली ऊब उचलायची आणि स्वतःच्या अंगावाटे बाहेर सोडायची, एवढंच हिचं काम. बाजू गरम लागल्या म्हणजे ती नीट राबत होती. तुम्ही तिला गुंडाळलंत. ऊब जाणार कुठं? तापली, धाप लागली, बसली. जरा निवली की उठते, पुन्हा तापते. ते टक् त्याचंच."

"म्हणजे मीच." सासरे रजई छातीशी धरून स्टुलावर टेकले. "जन्मात कधी कुणाला पांघरूण घातलं नाही हो. ते सगळं हिची सासू करायची. आणि घातलं तेही कुठं, तर इथं."

"रडणं मागाहून. टेबलफॅन आहे का?"

टेबलफॅन आला. मेकॅनिकनं तो फ्रीजरकडे तोंड करून लावला. "बघा, पंख्याचंच काम निघालं. खोटं नाही बोललात. आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही."

दोघं बसून राहिले. वर भिंतीवर नर्सच्या अक्षरातला कागद फडफडत होता: बाटलीत बर्फाचे खडे दिसत असतील तोवर दूध चालेल. सगळं वितळलं, तर पुन्हा गोठवू नये. सासऱ्यांचे ओठ हलत होते. नाम आवाजाशिवाय चाललं होतं. मेकॅनिकनं घड्याळ पाहिलं.

"बाबा."

सून भिंतीला धरून उभी होती. दात वाजत होते.

"तू कशाला उठलीस? हे पंख्याचे..."

"पंखा टक् टक् करतो का, बाबा? सकाळपासून ऐकतेय मी." तिनं मेकॅनिककडे पाहिलं. "गेलं का हो सगळं?"

"थांबा, ताई."

त्यानं पंखा बंद केला आणि प्लग लावला. टक्. कुणी हललं नाही. मग आत कुठंतरी खोल घरघर सुरू झाली, आणि थांबली नाही.

"देवा," सासरे म्हणाले.

मेकॅनिकनं झाकण वीतभर उघडलं, वरचीच एक बाटली काढून तिच्या हातात दिली आणि झाकण मिटलं. तिनं ती उजेडात धरली नाही. कानाशी नेली आणि हलकेच हलवली. आत खडा वाजला. तिनं पुन्हा हलवली. पुन्हा वाजला.

"कडेचं जरा सुटलंय," ती म्हणाली. "मधे दगड आहे, बाबा. दगड!"

बाटली परत आत गेली.

"पण बंद का पडला होता?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. मेकॅनिक पिशवी आवरत होता. "दमला होता, ताई. बाळंतिणीच्या घरात सगळेच दमतात." दाराशी जाऊन तो सासऱ्यांच्या कानाशी वाकला. "बसला रजईनं, खरं आहे. पण बसल्यावर बर्फ टिकला तोही तिच्याचमुळे. आता रजईला बोल लावायचा तरी कसा?"

तो गेला. सून अजून फ्रीजरशीच उभी होती, कुडकुडत, घरघर ऐकत.

सासऱ्यांनी छातीशी धरलेली रजई उलगडली. आधी उलटी धरली, मग सुलटी. ती तिच्या खांद्यांभोवती लपेटली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. फ्रीजरला खोचली होती तशीच.

"अगंबाई, ही एवढी गरम कशी?"

"तुझ्याच दुधातली आहे ती ऊब," सासरे म्हणाले.