आज कापून मिळणार नाही

सरस्वतीने पाटाखाली पुन्हा हात घातला. कोयता नव्हताच. सकाळी तिचा पोरगा प्रणित बर्फ टाकायला आलेला. डोक्याला टाके. तो गेला आणि मासे कापायचा कोयताही गेला. आता त्याचा फोन बंद.

कुठे गेला असेल ते तिला बरोबर ठाऊक होतं. परवा सभेत केतनच्या टोळीतल्या पोरांनी त्याचं डोकं फोडलेलं. त्याआधी प्रणितच्या पोरांनी केतनचा हात मोडलेला. एकाचा नेता धर्म वाचवायला निघालेला, दुसऱ्याचा गरिबांना. वाचवा बाबांनो, खुशाल वाचवा! पण कल्याणच्या या मच्छीबाजारात दोन पाटांच्या मधे खेळून वाढलेली पोरं एकमेकांच्या जिवावर उठली, त्याचं काय?

केतनची आई सुमती शेजारीच बसायची. निवडणुकीपासून दोघींचं बोलणं बंद. आज सुमतीचं धंद्यात लक्ष नव्हतं. गिऱ्हाइकांना अख्खी मासळी देत होती, घरी कापा म्हणत होती.

सांगावं तर केतन तयारीत बसायचा आणि आपलंच पोर मरायचं. न सांगावं तर आपलं पोर खुनी. मेलं, आईने निवडायचं तरी काय!

ती सरकली. "सुमते, केतनला आज घराबाहेर सोरू नको. माजा प्रणित कोयता घेऊन जेलाय."

सुमती रडली नाही, भांडलीही नाही. तिने आपला पाट उचलून दाखवला. खाली नुसतं ओलं गोणपाट होतं.

"मीपन तुला तेच सांगाला बघत होते," ती म्हणाली. "तोंड उघरत नव्हतं."

तेवढ्यात एक बाई आल्या. "मावशी, सुरमईच्या तुकड्या करून द्या."

"कोयता नाय."

"आणि तुमच्याकडे?"

सुमतीने नकारार्थी मान हलवली.

"कमाल आहे बाई!" म्हणत त्या पलीकडे रचनाकडे वळल्या. रचना आत्ताच आलेली. तिची पाटी उतरवून तिचा पोरगा बाईकवर निघूनही गेला होता, गळ्यात तिसऱ्याच पक्षाचं उपरणं.

"देते की कापून," रचना हसत म्हणाली. कोयत्यासाठी पाटीत हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

मग तिने भरली पाटी फरशीवर उपडी केली.