नवी आवृत्ती

शांतवनरावांची नजर गेली होती, आणि आता तर वाशिमच्या डॉक्टरांनीही त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी एक पुस्तक आणून दिलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं, मराठीत नव्यानं छापलेलं. "मले रोज वाचून दाखव," त्यांनी सुनेला, सुवार्ताला सांगितलं.

पहिल्या दिवशी तिनं जसंच्या तसं वाचलं. 'मरणाच्या दारी उभ्या माणसा, तुझा विश्वास खरा होता की नुसतं सोंग, हे तपासून पाहा.' "माहा खरा होता का वं?" शांतवनराव दिवसभर विचारत राहिले. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सुवार्ता असल्या ओळी गाळायला लागली. त्यांच्या जागी ती मनानंच, पण तशाच पुस्तकी भाषेत काहीतरी जोडायची. 'भिऊ नकोस, लेकरा. तुझा हात सुटला असेल, त्यानं तुला सोडलेलं नाही.' देवाच्या पुस्तकात आपण खोटं मिसळतोय, ही भीती तिला रोज वाटायची.

एके सकाळी अशाच एका जोडलेल्या ओळीवर त्यांनी तिला थांबवलं. "माह्या बापाजवळ हेच पुस्तक होतं, जुनं छापलेलं. लहानपनी मले तोंडपाठ होतं. हे वाक्य त्यात नोतं."

सुवार्तानं पुस्तक जवळ ओढलं. "नव्या छपाईत बदललं असंल, बाबा."

"असंल." ते उशीवर मागं टेकले. "बदलनाऱ्याचं देव भलं करो. तेवढं वाक्य पुन्हा वाच, माय."