चारही खोल्यांत गाणं

रेल्वेतून रिटायर झालेल्या नरहररावांना नाट्यसंगीताचं भारी वेड. म्हणून त्यांचा मुलगा शिशिर हैदराबादहून सुट्टी काढून रायपूरला आला आणि शंकर नगरच्या घरात चारही खोल्यांत स्पीकर लावायला बसला. भिंतींवरून वायरी फिरल्या, बाबांच्या आवडीची पदं शोधून शोधून कॉम्प्युटरमध्ये भरली. आता एक बटण दाबलं की बाबा ज्या खोलीत असतील तिथं गाणं!

नवा स्पीकर सुरू झाला की शिशिर बाबांच्या समोर येऊन विचारायचा, "बाबा, आवाज बरोबर येऊन राहिला ना?"

"हव! एकदम मस्त!" बाबा हात उंचावून दाद द्यायचे.

निघायच्या दिवशी बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात कॉम्प्युटर हँग झाला आणि सगळं घर गप्प झालं. शिशिर सांगायला धावत आला, तर बाबांचा हात मांडीवर ताल देतच होता.

त्यानं आईकडं पाहिलं.

बाबांच्या शेजारी बसलेली आई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "वर्ष झालं, त्यांले काहीच ऐकू येत नाही. म्हणून तर फोनवर मीच बोलते. तू इतक्या हौसेनं लावून राहिला होता, कसं सांगू तुले?"



बाबांनी डोळे उघडले आणि शिशिरला हाताला धरून जवळ ओढलं.



"बस ना रे इथं. एवढी तान ऐकून जा."