बाजूची सीट

दिगंबर चोथ्यांनी अंगणातच मोटार बांधली होती. सस्पेन्शनची आखणी त्यांचीच. स्प्रिंगा मिरजेहून सांगून करून घेतलेल्या. आता बाजूला माणूस बसल्यावर गाडी किती दबते, तेवढं पाहायचं राहिलं होतं. घरात दुसरं माणूस नव्हतं.

"बाबा, वाळूचं पोतं ठेवा की सीटवर," मुलगी फोनवर म्हणाली.

पोतं होतं, तरी चोथे शेजारच्या इनामदारांना बोलावून आले. बायको गेल्यापासून इनामदार घराबाहेर पडत नसत. ते अवघडून सीटवर बसले. चोथ्यांनी खाली वाकून माप घेतलं. गाडी हवी तेवढीच दबली होती.

"झालं का?" इनामदारांनी विचारलं.

"नाही अजून," म्हणत चोथे स्टिअरिंगमागे येऊन बसले. "नव्या स्प्रिंगा आहेत. जरा वेळ लागतो."

इनामदारांनी चपला काढल्या आणि पाय लांब केले.