कवितांच्या आधी गणित

ब्रेल छापखान्यात नव्यानेच आलेल्या व्यवस्थापक बाई टेबलाशी येऊन थांबल्या, तेव्हा मुद्रितशोधक काकांची बोटे एका कवितेच्या अखेरच्या ओळीवर होती. जन्मापासून काळोखाशी ओळख असलेल्या काकांनी मान वर केली नाही.

"कागद वाजला नाही, म्हणजे हुकूम तोंडी दिसतोय. बसा, मॅडम."

बाई बसल्या. मनात जुळवून आणलेले वाक्य विस्कटले.

"काका, कवितासंग्रहाचं काम थांबवावं लागेल. दहावीचं गणित आधी."

बोटे ओळीवरून उठली. "थांबवायचं म्हणजे गुंडाळायचं. आधीचे साहेब 'बघू' म्हणायचे. चांगले डोळस होते, पण शेवटपर्यंत त्यांनी काही बघितलं नाही."

"मी 'बघू' म्हणणार नाही. यंत्र एकच आहे. शाळा उघडल्यावर बाकीची मुलं पुस्तक उघडतील आणि आपली नुसती ऐकत बसतील, म्हणून गणित आधी. ते छापून गेलं की यंत्रावर पहिल्या चढतील त्या कविता. वरिष्ठ कुरकुरले, पण कबूल झाले. तोवर मात्र एक पानही नाही. माझ्या हातात एवढंच आहे, काका. तुमचा जीव यात किती गुंतलाय, ते ठाऊक असूनच सांगते आहे."

काका तळवे चोळू लागले.

"मग माझ्या हातात काय आहे, तेही ऐका. दुपारनंतर बोटं बधिर होतात. सहा आणि आठ सारखेच लागतात. कवितेत चूक राहिली तर मी हळहळेन. गणितात राहिली तर एखाद्या पोराचं वर्ष जाईल. दुपारनंतर माझ्याकडे गणित नको."

"नाही देणार. वेळापत्रक बदलते."

"बोंबाबोंब होईल."

"होऊ द्या. ती माझ्या टेबलावर होईल."

काका पहिल्यांदाच हसले. बाईंनी कवितांची पाने हळुवार गोळा केली, कपाटात आडवी ठेवली आणि वर जाड पुस्तके रचू लागल्या.

"अहो, अहो! वजन ठेवताय की काय? ठिपके दबतील. मग बोटांना नुसता कोरा कागद लागेल."

बाईंनी ओशाळून पुस्तके उतरवली आणि पाने उभी केली. काका उठून कपाटापाशी आले. पानांच्या कडांवरून त्यांचा हात सावकाश फिरला.

"शेजारी थोडी जागा सोडा," ते म्हणाले, "अजून काही कविता छापून यायच्या आहेत."