शुक्रवारचे ठोके

‘ही फाईल या फोनवर वाजवता येणार नाही.’

फोनच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. नणंदेने अंगठा उचलला आणि परत दाबला. जणू जोरात दाबलं की फोन घाबरेल.

“वन्सं, राहू द्या,” सून म्हणाली. “मी दुकानात दाखवून आणते.”

“एकटीने नाही जायचं. मधेच काहीतरी पुसून-बिसून टाकशील.”

फाईल शुक्रवारची होती. गुरुवारपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. तिने घरात तिघांना सांगितलं. तिघांनीही तिला सांगितलं, पहिलटकरणीला असंच वाटतं. शुक्रवारी दवाखान्यात गेली तर डॉक्टरीण रजेवर. मदतनीस बाईने पोटावर यंत्र फिरवलं. यंत्राचा आवाज बिघडलेला, बाईचे डोळे स्वतःच्या फोनमध्ये. “सगळं छान आहे. ठोके नोंदलेत, घरी ऐका,” म्हणत तिने फाईल पाठवून दिली आणि पुढच्या पोटुशीला आत घेतलं.

रविवारी तिने ओली गादी वाळवायला गच्चीवर नेली. गादी कोणी ओली केली आणि वर न्यायला कोणी सांगितलं, हे आता घरात कोणालाच आठवत नव्हतं. मंगळवारी बाळ आलं ते मेलेलंच. कधी गेलं? दोन दिवस, चार दिवस, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली.

घराला मात्र नक्की सांगता येत होतं. गादी उचलली म्हणून गेलं. म्हणजे हिने मारलं.

नवरा बोलत नव्हता. त्याच्या वाटचंही नणंदच बोलत होती. शेवटी हिनेच तोंड उघडलं. “ते शुक्रवारच्या आधीच गेलं होतं. माझं पोट मला कळत होतं. ती फाईल लावून बघा, त्यात ठोके नसतील.”

“आणि निघाले तर?”

“तर तुम्ही म्हणाल ते.”

“तर माहेरी. कायमची. चार माणसांसमोर बोल तसं.”

ती चार माणसांसमोर बोलली. आणि फाईल वाजेचना. नवऱ्याने तीन ॲप टाकून पाहिली. धाकट्या दिराने फाईलच्या नावामागची अक्षरं पुसून तिथे एमपीथ्री लिहिलं. फोन फसला नाही.

दुकानापाशी नवऱ्याने मोटरसायकल उभी केली, पण उतरला नाही. “आत तूच जा. मला त्या विषयावर बोलवणार नाही. आणि ऐकायचं नाही तिथे. सगळ्यांसमोरच लावू.”

दुकान एवढंसं. एका कोपऱ्यात फोनवाला डोळ्याला भिंग लावून बसलेला, दुसऱ्या कोपऱ्यात त्याची बायको कव्हरं विकत होती.

“कशाची फाईल आहे, ताई?”

“बाळाच्या ठोक्यांची. पोटातल्या.”

“अरे वा. कसंय बाळ?”

“राहिलं नाही.”

त्याने भिंग काढलं. विचारलं, “कितवा महिना होता?”

“आठवा.”

तो फोन बघू लागला. “नाव कोणी बदललंय हे?”

“भावजींनी.”

“गाढवाला घोडा म्हटलं म्हणून ते शर्यतीत पळत नाही. त्या यंत्राची ही आपली वेगळीच भाषा असते. कॉम्प्युटरवर उघडून फोनला कळेल अशी करावी लागेल. तासाभराने या.”

“दादा, आत जे असेल तेच निघेल ना?”

“तेच निघेल, ताई. काळजी करू नका.”

तासाभराने ती परत आली तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसला होता. तिला बघून त्याने ते घाईघाईने काढले.

“उघडली?”

“उघडली. पाच मिनिटं बसा. आवाज जरा साफ करतो.”

पाचाची पंधरा झाली. मग त्याने फोन तिच्या हातात दिला आणि हेडफोन पुढे केले. “ऐकून बघता?”

“नको. घरी सगळे थांबलेत.”

“बरं,” तो म्हणाला. “सगळ्यांनी मिळून ऐका. तेच बरं.”

घरी खुर्च्या मांडल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूला उशीला टेकवून बसवलं होतं. सून मात्र आठवड्यात पहिल्यांदाच ताठ बसली होती. नणंदेने अंगठा दाबला.

खरखर. नुसती खरखर. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही मान वर केली.

आणि ठोके सुरू झाले. शिवणयंत्र चालावं तसे, भराभर, एकही न चुकता.

नणंदेने मधेच थांबवलं नाही. दीड मिनिट सगळ्यांना ऐकवलं.

“कळलं?”

“वन्सं, ते हलत नव्हतं हो. मला कळत होतं...”

“म्हणजे आता यंत्र खोटं बोलतंय?”

तिने पोटावर हात ठेवला. आठ महिने ज्याचं ऐकलं ते पोट आता गप्प होतं.

“मग मीच मारलं,” ती म्हणाली.

नवरा उठला, चावी घेतली. आठवडाभरानंतर तो सगळ्यांसमोर बोलला ते एवढंच, “चल, बसस्टँडवर सोडतो.”

तिकडे दुकानात फोनवाल्याची बायको कव्हरं आवरत होती. “त्या बाईची फाईल उघडली ना? मग तेव्हापासून तोंड पाडून का बसलात?”

“उघडली गं. पण आत नुसती खरखर, ठोका एक नाही,” तो म्हणाला. “एवढ्या आशेने आली होती बिचारी, तिला तसं कसं सांगू? मग आपल्या पोरीचे पोटात असतानाचे ठोके होते ना साठवलेले, ते पुढे जोडून दिले.”